अपघातग्रस्त नौकेची भंगार विक्री

अपघातग्रस्त नौकेची भंगार विक्री म्हणजे वादळ, आग किंवा टक्कर यांमुळे मोडकळीस आलेली यॉट आहे त्या अवस्थेत विकणे. हल्ली अशी विक्री बहुधा ऑनलाइन लिलावाने होते.

ब्रिटनच्या १९०६ च्या सागरी विमा कायद्यानुसार, दुरुस्तीचा खर्च दुरुस्त नौकेच्या मूल्याहून अधिक होणार असेल, तर ती ‘आन्वयिक संपूर्ण हानी’ ठरते. भारताच्या १९६३ च्या कायद्यातही हीच कसोटी आहे. पूर्ण भरपाई दिल्यावर अवशेष ताब्यात घेऊन विमा कंपनी ते विकू शकते. ६ सप्टेंबर २०१७ रोजी ‘इर्मा’ चक्रीवादळाने ब्रिटिश व्हर्जिन बेटांतील टॉर्टोला येथे पर्यटकांना भाड्याने देण्याच्या असंख्य नौका एकमेकींवर फेकल्या. त्यांपैकी अनेक पुढे भंगार म्हणून बाजारात आल्या.

व्यवहार ‘जसे आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर होतो. छायाचित्रात तुटलेली डोलकाठी दिसते. खाऱ्या पाण्याने निकामी झालेले इंजिन आणि वीजतारा किंवा तळाच्या कण्याचा खिळखिळा सांधा दिसत नाही. म्हणून स्वतंत्र सर्वेक्षकाकडून प्रत्यक्ष तपासणी करून घेणे अगत्याचे. नौका उचलून नेण्याचा खर्च सामान्यतः खरेदीदारावरच पडतो. कागदपत्रांची बाजू त्याहून नाजूक आहे. खलाशांचे थकीत वेतन किंवा बचावकार्याचे पारिश्रमिक यांसाठीचा सागरी धारणाधिकार नौकेलाच चिकटलेला असतो. तो खाजगी विक्रीने संपत नाही, नौवहन न्यायालयाने केलेल्या विक्रीने मात्र संपतो.