सरकीत झोपणारा पतंग

कापूस वेचताना बोंडात गुलाबी अळी दिसली की आपल्या तोंडून शिवी निघते. पण त्या अळीचा पतंग आपल्यापैकी कितीजणींनी पाहिलाय? जेमतेम नखाएवढा. करडा-तपकिरी, पुढच्या पंखांवर काळपट डाग, मागच्या पंखांना बारीक झालर. दिवसा पाचोळ्यात, ढेकळांच्या फटीत दडतो, रात्री उडतो. म्हणून दिसत नाही.

त्याची शास्त्रीय नोंद १८४३ साली झाली. सॉन्डर्स नावाच्या इंग्रज अभ्यासकाने भारतातून, भडोचहून आलेल्या पतंगांवरून त्याचं वर्णन लिहिलं. भडोच म्हणजे तेव्हाची कापसाची मोठी पेठ.

या पतंगाची मादी पात्यांवर, कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. अळी फुलात शिरली की पाकळ्या उमलत नाहीत, आपण तिला डोमकळी म्हणतो. बोंडात शिरली की मागचं भोक बुजून जातं. वरून बोंड निरोगी, आत किडकी सरकी आणि पिवळी पडलेली कवडी. वेचणीची मजुरी किलोवर, तेव्हा कवडीचं नुकसान शेतमालकाइतकंच मजूर बाईचंही. दिवसभर वाकून ओटीत भरतं काय?

हंगाम सरला की काही अळ्या दोन सरक्या जाळ्याने चिकटवून मधे झोपी जातात, महिनोन्‌महिने. असंच सरकीत झोपून हा पतंग जग फिरला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो भारतातून इजिप्तला गेला. तिथल्या सरकीतून १९११ च्या सुमारास मेक्सिकोत, १९१७ मध्ये अमेरिकेच्या टेक्सासात. अमेरिकेला तो हटवायला शंभर वर्षं लागली. बीटी बियाणं, कामगंध सापळे, विमानातून सोडलेले वांझ पतंग, वेळेवर पऱ्हाटी गाडणं, सगळं सगळ्यांनी मिळून केलं, तेव्हा २०१८ मध्ये त्यांनी अळी संपल्याचं जाहीर केलं.

आपल्याकडे २००२ मध्ये बीटी आलं, २००६ मध्ये दोन जनुकांचं. काही वर्षं आपण निर्धास्त होतो. अळीला मात्र त्या विषाची सवय होत गेली. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत साध्या कपाशीचं १२० ग्रॅमचं पाकीट यायचं. ते कडेने लावायचं, म्हणजे सवय न झालेल्या अळ्याही शिल्लक राहतात. पुष्कळांनी ते फेकलं. वरून फरदड ठेवली, म्हणजे अळीला उन्हाळ्यापर्यंत जेवण. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडंच्या बोंडं किडकी निघाली, ती आपल्याला आठवतातच.

आता घरामागची पऱ्हाटीची गंजी. त्यातल्या वाळक्या बोंडांतही अळी असते. शेती अधिकारी म्हणतात, गंजी ठेवू नका. आमच्या गटात एक आजी म्हणाल्या, मग चूल कशावर पेटवू? शेवटी आम्ही ठरवलं, गंजी रचण्याआधी बोंडं झोडपून वेगळी काढायची आणि जाळायची. यंदा अकरा घरांनी केलंय. उरलेल्या घरांशी बोलणं चालू आहे.