मोबाइल सेवा तक्रार निवारण (भारत)
मोबाइल सेवेतील त्रुटी, चुकीचे बिल इत्यादींविरुद्ध ग्राहकाला दाद मागता यावी यासाठीची व्यवस्था. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) २०१२ च्या विनियमांनुसार ती द्विस्तरीय आहे. ग्राहकाने प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्राकडे १९८ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार नोंदवून डॉकेट क्रमांक घ्यावयाचा असतो. निवारण असमाधानकारक वाटल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क अपील करता येते. त्यावर ३९ दिवसांत निर्णय बंधनकारक आहे. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. नको असलेल्या जाहिरातींच्या कॉल व संदेशांसाठी १९०९ हा स्वतंत्र क्रमांक आहे. ग्राहकाला जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते. हा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्टपणे मान्य केला.