श्वानपैदास आणि दत्तक श्वान

श्वानपैदास आणि दत्तक श्वान : पाळायचा कुत्रा पैदासकाराकडून विकत घ्यावा की बेवारस, सोडून दिलेला किंवा हालअपेष्टांतून सोडवलेला कुत्रा दत्तक घ्यावा, यासंबंधीचा नीतिविचार. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा वाद मुख्यतः अमेरिकेत तापला. तेथील निवाऱ्यांत जागा संपली की धडधाकट कुत्र्यांनाही इंजेक्शन देऊन मारले जाई. त्यामुळे विकत घेतलेले प्रत्येक पिल्लू निवाऱ्यातल्या एका कुत्र्याचा जीव घेते, असा रोखठोक हिशेब मांडता आला. भारतात तो जसाच्या तसा लागू पडत नाही. तरीही ‘विकत घेऊ नका, दत्तक घ्या’ ही तिथलीच घोषणा उचलली जाते आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो : जन्माला घातलेल्या जिवाची जबाबदारी कोणाची?

माणसाने कुत्र्याची निवडक पैदास हजारो वर्षे केली, पण ती मुख्यतः कामासाठी : मेंढरे राखायला, शिकारीला, राखणीला. लंडनमध्ये १८७३ साली केनेल क्लब स्थापन झाला आणि रूपाला महत्त्व आले. प्रत्येक जातीचे लेखी मानक ठरले, वंशावळीच्या वह्या बंद झाल्या आणि वहीबाहेरचे रक्त वर्ज्य ठरले. लहानशा गोतावळ्यात पुन्हापुन्हा संबंध घडवले की सुप्त दोष वर येतात. पगचे उदाहरण डोळ्यांसमोरचे आहे. त्याचे थोबाड चपटे करताना हाड आखूड झाले, पण आतले मांस तेवढेच राहिले. टाळूचा मऊ भाग घशात लोंबतो, नाकपुड्या फटीएवढ्या उरतात. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो आणि पगला नेमके तेच जमत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात अशा कुत्र्याचे काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको. मालक मात्र त्याच्या घोरण्याचे कौतुक करतात.

डाल्मेशियनची कथा अधिक बोधक आहे. या जातीच्या शुद्ध वंशातील कुत्र्यांत एक जनुकीय दोष सार्वत्रिक आहे. त्यामुळे लघवीत युरिक आम्ल साठते आणि मूतखडे होतात. अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ रॉबर्ट शायबल यांनी १९७३ मध्ये डाल्मेशियनचा पॉइंटर जातीशी एकदाच संकर केला आणि पुढच्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जुळवल्या. काही पिढ्यांत ठिपके तेच राहिले, खोड गेली. अमेरिकन केनेल क्लबने १९८१ मध्ये अशा दोन कुत्र्यांची नोंद केली, पण जातीच्या पैदासकारांनी विरोध करताच पुढची नोंदणी थांबली. दार उघडायला २०११ साल उजाडले. इलाज हाताशी असताना तीस वर्षे कुत्र्यांना खडे होऊ दिले ते वहीच्या शुद्धतेसाठी. पैदासीवरचा याहून ठोस आक्षेप क्वचितच सापडेल. मात्र त्या कुत्र्यांना बरे करणारा माणूसही पैदासच करत होता, हेही विसरू नये.

कायद्याने यात उशिरा लक्ष घातले. इंग्लंडमध्ये ‘लूसीज लॉ’ एप्रिल २०२० पासून लागू झाला. वेल्समधील पिल्लांच्या कारखान्यातून सोडवलेल्या लूसी या कॅव्हेलियर कुत्रीचे नाव त्याला मिळाले. सहा महिन्यांखालील पिल्लू दलाल किंवा दुकानदारामार्फत विकण्यास त्याने मनाई केली. ग्राहकाने पिल्लू आईजवळच पाहावे, हा त्यामागचा व्यवहारी विचार. नॉर्वेत न्यायालयाने २०२२ मध्ये इंग्लिश बुलडॉग आणि कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल यांची पैदास बेकायदा ठरवली. अपिलात बुलडॉग सुटला. कॅव्हेलियरवरची बंदी मात्र २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही टिकली.

भारतात २००३ च्या सुमारास हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे धावणारा पग झळकला आणि घरोघरी पग हवासा झाला. मागणीबरोबर घरगुती पैदासही बोकाळली. फ्लॅटच्या गॅलरीत किंवा शेडमध्ये एक मादी ठेवायची, माजावर आली की लावायची आणि वेत झाले की पिल्ले पाचव्या आठवड्यातच गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची, कारण तेव्हाच ती सर्वांत गोंडस दिसतात. आईचे दूध तुटलेले, लस झालेली नाही. आठवड्याभरात रक्ताचे दुर्गंधी जुलाब सुरू होतात. हा पार्व्हो नावाचा विषाणुजन्य रोग. विकणारा तोवर फोन उचलत नाही.

यावर २०१७ मध्ये केंद्राने श्वानपैदास व विपणन नियम केले. पैदासकाराने राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी, मादी अठरा महिन्यांखालील किंवा आठ वर्षांवरील नसावी, आयुष्यात तिची पाचाहून अधिक वेते होऊ नयेत, आठ आठवड्यांखालील पिल्लू विकू नये, असे ते सांगतात. नियम चांगले आहेत. पण ‘पेपरवालं पिल्लू’ मागणारे ग्राहक वंशावळीचा कागद मागतात, नोंदणीचा नाही.

सगळी पैदास एकाच तराजूत तोलणे मात्र चूक ठरेल. दख्खनच्या पठारावरील कारवान किंवा मुधोळ हाउंड सशाच्या शिकारीसाठी गावोगाव जोपासला गेला. निवड पायांच्या वेगावर आणि दमावर झाली, थोबाडावर नाही. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांना राजाश्रय दिला. सशाची शिकार आता कायद्याने बंद आहे. विचारपूर्वक पैदास झाली नाही तर असा वाण विरून जाईल. त्याच्या संवर्धनाचे केंद्र कर्नाटकात मुधोळजवळ तिम्मापूर येथे आहे.

दत्तकाची बाजूही वाटते तेवढी सोपी नाही. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री होती. मुंबईत १८३२ मध्ये कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून पारशी समाजाने दंगल केली होती. भटकी कुत्री मारण्याचा वाद एवढा जुना आहे. पुढेही अनेक पालिका दीर्घकाळ कुत्री मारत राहिल्या. केंद्राच्या २००१ च्या श्वान जन्मनियंत्रण नियमांनी ते थांबवले आणि पकडलेल्या कुत्र्याचे निर्बीजीकरण व लसीकरण करून त्याला मूळ जागी सोडण्याची पद्धत आणली. २०२३ च्या नियमांनीही ती कायम ठेवली. म्हणजे येथे गल्लीतले पिल्लू दत्तक घेतल्याने निवाऱ्यातली जागा मोकळी होत नाही. एका पिल्लाचे आयुष्य बदलते, गल्लीतली संख्या बदलते ती निर्बीजीकरणाने. गावठी पिल्लू चिवट असते, दवाखान्याचा खर्च कमी करते. मात्र रस्त्यावर वाढलेला प्रौढ कुत्रा फ्लॅटमध्ये कोंडला की तो बिथरतो, हे दत्तक शिबिरांत क्वचितच सांगितले जाते. परदेशी घरे शोधण्याची वाटही अरुंद झाली आहे. सप्टेंबर २०२२ पासून कॅनडाने भारतासह रेबीजचा धोका असलेल्या देशांतून दत्तकासाठी कुत्री आणण्यास मनाई केली.

पाळीव प्राण्यांची पैदासच थांबवावी, असे अमेरिकी विचारवंत गॅरी फ्रॅन्सिओनी म्हणतात. असलेल्यांना सांभाळावे, नवे जन्माला घालू नयेत. तर्क निर्दोष आहे, पण मेंढपाळाला किंवा अंध व्यक्तीला तो उपयोगी पडत नाही. व्यवहारात कसोटी एकच धरता येते : कुत्रा नकोसा झाल्यास परत घेण्याची हमी कोण देतो? चांगला पैदासकार ती लेखी देतो, चांगली संस्थाही देते. न देणाऱ्याकडून विकतही घेऊ नये आणि दत्तकही. निवाऱ्यांत आज लॅब्रेडॉर, हस्की, रॉटवायलर दिसतात. ते तेथे जन्मलेले नसतात. कोणीतरी हजारो रुपये मोजून त्यांना घरी आणलेले असते. प्राण्याला उपाशीतापाशी वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी त्यात नमूद केलेला दंड दहा ते पन्नास रुपये आहे.