सँडो बनियनमधला ‘सँडो’ आणि औंधचे महाराज

१/१०
बिनबाह्यांच्या बनियनला आपल्याकडे ‘सँडो’ म्हणतात. हे मूळचे एका माणसाचे नाव : युजेन सँडो. व्यायाम बळासाठी करावा, आरोग्यासाठी की रूपासाठी, या प्रश्नाला आधुनिक वळण देणाऱ्या या मल्लाची आणि त्याचा मार्ग काही काळ चालून सोडणाऱ्या एका मराठी संस्थानिकाची ही कथा.

२/१०
सँडोचा जन्म १८६७ साली प्रशियातील क्योनिग्जबर्ग येथे झाला. मूळ नाव फ्रीडरिख म्युलर. ताकदीचे खेळ करणारे तेव्हा पुष्कळ होते. परंतु १८९३ मध्ये शिकागोत त्याचा व्यवस्थापक झिगफेल्ड याने एक गोष्ट हेरली : प्रेक्षक सँडोने उचललेल्या वजनापेक्षा त्याच्या देहाकडेच अधिक पाहत होते.

३/१०
मग देहप्रदर्शन हाच मुख्य खेळ झाला. अंगाला पांढरी पूड फासून सँडो ग्रीक पुतळ्यांच्या पवित्र्यात उभा राही. १८९४ मध्ये एडिसनच्या स्टुडिओत त्याची चित्रफीत निघाली. त्याची छायाचित्रे विकली जाऊ लागली. संगमरवरी पुतळा हा जिवंत माणसाचा आदर्श ठरला.

४/१०
१८९७ साली त्याचे ‘स्ट्रेंग्थ अँड हाउ टु ऑब्टेन इट’ हे पुस्तक आले. डंबेल्सचे धडे टपालाने घरपोच मिळू लागले. छाती, दंड, मांडी यांची मापे घेऊन प्रगती नोंदवणे हा व्यायामाचाच भाग बनला. शरीराचा हिशेब आता मापफितीवर मांडला जाऊ लागला.

५/१०
१४ सप्टेंबर १९०१. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये सँडोने शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली. परीक्षकांत शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल होते. केवळ फुगलेले स्नायू पुरेसे नव्हते. प्रमाणबद्धता, एकूण आरोग्य आणि त्वचेची स्थितीही गुणांकनात होती. मात्र हे आरोग्यही डोळ्यांनीच पारखले जाणार होते.

६/१०
महाराष्ट्रातील तालमीची दृष्टी निराळी होती. जोर, बैठका, मल्लखांब यांनी देह घडे आणि त्याची परीक्षा लाल मातीत होई. प्रत्येक स्नायू सुटा दिसण्यापेक्षा दम, चपळाई आणि पकड यांना मोल होते. दंड किती इंचांचा, यापेक्षा तो डाव कसा मारतो, हे महत्त्वाचे.

७/१०
परंतु इंग्रजी राजवटीत देहाला राजकीय अर्थही चिकटला होता. मेकॉलेने बंगाली माणसाचे वर्णन दुर्बळ म्हणून केले होते. असा शिक्का बसलेल्या समाजात पिळदार शरीर हे स्वाभिमानाचे उत्तर वाटू लागले. अशा वातावरणात, १९०४-०५ मध्ये, सँडो स्वतः हिंदुस्थानात खेळ करून गेला.

८/१०
त्याच्या पद्धतीचे एक चाहते होते औंधचे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१). त्यांनी सँडोची पुस्तके व साधने मागवून सुमारे दहा वर्षे नेमाने व्यायाम केला. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. या व्यायामाला ना साधन लागे, ना जोडीदार, ना खर्च. राजाला आणि रयतेला तो सारखाच सुलभ होता. औंध संस्थानच्या शाळांत त्यांनी तो सक्तीचा केला.

९/१०
मापफीत मागे पडली, पण ‘दिसणे’ सुटले का? १९३६ साली महाराज इंग्लंडला गेले. तेथील पत्रकार लुईझ मॉर्गन यांनी संपादित केलेले त्यांचे ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे पुस्तक १९३८ मध्ये निघाले. त्यात सूर्यनमस्कारांची महती सांगताना निरोगीपणाबरोबरच टिकलेल्या तारुण्याचीही ग्वाही होती. श्वास, मंत्र आणि सूर्योपासना यांच्यावर उभा असलेला व्यायामही परदेशी वाचकांपुढे रूपाची साक्ष घेऊन गेला.

१०/१०
सँडो १९२५ साली वारला. १९०१ च्या विजेत्याला त्याने स्वतःच्याच आकृतीचा पुतळा बक्षीस दिला होता; आज ‘मिस्टर ऑलिंपिया’च्या विजेत्याला मिळतो तो त्याच घडणीचा. औंधचे सूर्यनमस्कार जगभरच्या योगवर्गांत पोहोचले. त्यांतले अनेक वर्ग आज आरशासमोर भरतात.