मास इफेक्ट अँड्रोमेडा : मीम्सच्या पलीकडे काय आहे?

यूट्यूबवर ‘मास इफेक्ट अँड्रोमेडा’ शोधलंत तर आधी काय दिसतं? गरगर फिरणारे डोळे, मख्ख चेहरे, खेकड्यासारखं तिरकं चालणारी माणसं. मार्च २०१७ मध्ये आलेला हा सायन्स फिक्शन गेम इतका ट्रोल झाला की अनेकांनी तो फक्त क्लिप्समध्येच पाहिलाय. आणि खरी गंमत इथेच आहे. या गेममध्ये जे वाईट आहे ते दहा सेकंदांच्या क्लिपमध्ये मस्त दिसतं. जे चांगलं आहे ते कंट्रोलर हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

आधी थोडी ओळख. बायोवेअरच्या मॉन्ट्रियल स्टुडिओने बनवलेला आणि ईए कंपनीने आणलेला हा मास इफेक्ट मालिकेतला चौथा मुख्य गेम. पीसी, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर आला, मोबाईलवर नाही. कथा नवी आहे, त्यामुळे आधीचे तीन गेम खेळले नसतील तरी चालतं. २१८५ साली माणसं आणि इतर काही प्रजाती आपली आकाशगंगा सोडून देवयानी दीर्घिकेकडे, म्हणजेच अँड्रोमेडाकडे निघतात आणि ६३४ वर्षं शीतनिद्रेत काढून पोचतात. खरी देवयानी सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं लांब आहे, पण एवढी सवलत कथेला देऊया. पोचल्यावर कळतं की राहण्यासाठी निवडलेल्या जागा राहण्यालायक उरलेल्याच नाहीत. तुम्ही ‘पाथफाइंडर’ रायडर, सारा किंवा स्कॉट, आणि झोपलेल्या हजारो लोकांसाठी घर शोधणं हे तुमचं काम.

चेहरे का बिघडले?

अशा गेममध्ये संवाद हजारोंनी असतात. प्रत्येक वाक्यासाठी ॲनिमेटर बसवणं परवडत नाही. म्हणून ओठ आणि चेहरा हलवण्याचं पहिलं काम सॉफ्टवेअर करतं, नंतर माणसं त्यावर हात फिरवतात. इथे तो हात फिरवायचाच राहून गेला. पत्रकार जेसन श्रायर यांनी जून २०१७ मध्ये लिहिलेल्या सविस्तर वृत्तांतानुसार गेमवर पाच वर्षं काम चाललं होतं. शेकडो ग्रह अल्गोरिदमने तयार करायची मूळ कल्पना मात्र बारगळली, आणि आज दिसणाऱ्या गेमचा बराचसा भाग शेवटच्या सुमारे दीड वर्षात बनला.

त्यात इंजिन होतं फ्रॉस्टबाइट. ते स्वीडनच्या डाइस स्टुडिओने ‘बॅटलफील्ड’साठी, म्हणजे गोळीबाराच्या गेमसाठी बनवलेलं. गप्पा, नाती, निर्णय यांवर चालणाऱ्या गेमसाठी लागणाऱ्या कितीतरी गोष्टी त्यात नव्याने घालाव्या लागतात. लढायला मात्र ते आधीपासूनच तयार होतं, आणि खेळताना ते जाणवतं.

लढाई : इथे गेम खरंच भारी आहे

जुन्या मास इफेक्टमध्ये तुम्ही भिंतीला पाठ चिकटवून बसायचात, डोकं वर काढायचात, गोळी मारायचात, परत खाली. अँड्रोमेडाने रायडरच्या पाठीवर जेटपॅक दिला आणि सगळं चित्र बदललं. उडी मारा, हवेत दिशा बदला, हवेतच थोडा वेळ तरंगत नेम धरा, धोका दिसला की झटक्यात बाजूला सरका. आडोशाजवळ गेलात की रायडर आपोआप वाकतो, वेगळं बटण नाही. एका जागी बसून राहिलात तर शत्रू हुसकावून लावतो, त्यामुळे पाय सतत हलते राहतात.

यावर पॉवर्सचा थर. एक पॉवर शत्रूला ‘तयार’ करते, दुसरी त्याच्यावर स्फोट घडवते. उदाहरणार्थ, ‘पुल’ने शत्रूला हवेत लटकवायचं आणि ‘थ्रो’ने ढकलायचं, की धडाम! आधीच्या गेममध्ये सुरुवातीला निवडलेला क्लास शेवटपर्यंत गळ्यात असायचा. इथे सात प्रोफाइल आहेत आणि लढाईच्या मधेही ती बदलता येतात. सैनिकाची बंदूक, इंजिनिअरची आग आणि बायोटिक शक्ती एकाच पात्रात मिसळा, कोणी अडवत नाही. हत्यारंसुद्धा स्वतः बनवायची, त्यांना हवं ते नाव द्यायचं. यात दिलेल्या वेळेचं चीज होतं, फक्त त्याचे मेनू फार किचकट आहेत.

एक तक्रार मात्र रास्त आहे. पूर्वी गेम थांबवून साथीदारांना कुठली पॉवर वापरायची ते सांगता यायचं, ते इथे नाही. डावपेच आवडणाऱ्यांना हे खटकणारच.

ग्रह आणि नोमॅड

नोमॅड ही तुमची सहा चाकी गाडी. तिच्यावर एकही बंदूक नाही, आणि हा निर्णय मला आवडतो. तुम्ही इथे जिंकायला नाही, राहायला आलाय. खडा चढ आला की सहाही चाकांची ताकद लावायची, दरी आली की बूस्ट देऊन उडी. एओस किरणोत्सर्गाने पोळलेलं, व्होएल्ड बर्फाखाली, कडाराचं पाणी गंधकाने विषारी, एलाडेन रखरखीत वाळवंट. एच-०४७सी वर गुरुत्वाकर्षण इतकं कमी की गाडी टेकडीवरून सुटली की तरंगतच राहते. ग्राफिक्स आजही नजर धरून ठेवतात.

गाडीत साथीदार आपापसांत भांडतात, टोमणे मारतात. लियमच्या मिशनमध्ये जहाजाचं गुरुत्वाकर्षणच फिरतं, भिंतीची जमीन होते, आणि सगळा वेळ विनोद चालू. म्हातारा क्रोगन ड्रॅक तर एकटा गेम तोलून धरतो. बाकी मुख्य खलनायक आर्कॉन तसा ओळखीच्या साच्यातला. त्याच्यावर जास्त शब्द खर्च करण्यात अर्थ नाही.

एप्रिल २०१७ च्या पॅचने डोळे बरेच सुधारले, ग्रहांमधला कंटाळवाणा प्रवास टाळायची सोयही दिली. पण ऑगस्टमध्ये बायोवेअरने सांगून टाकलं की कथेच्या भागाला यापुढे अपडेट नाहीत. क्वेरियन लोकांच्या जहाजाचं काय झालं हे गेममध्ये कळतच नाही, त्यासाठी पुढच्या वर्षी कादंबरी काढावी लागली.

आता खेळायचा असेल तर

पीसीवर किमान ८ जीबी रॅम, २ जीबीचं जीटीएक्स ६६० कार्ड आणि ५५ जीबी जागा लागते, म्हणजे आजच्या साध्या गेमिंग लॅपटॉपवरही चालेल. पूर्ण किमतीला घेऊ नका, सेलची वाट बघा. सुरुवातीचे काही तास सगळ्यात कमकुवत आहेत, तेवढा धीर धरा. एओसवर पहिल्या भेटीत मुख्य मिशन संपलं की पुढे निघा. किरणोत्सर्ग कमी झाल्यावर परत येऊन उरलेला नकाशा बघता येतो. जर्नलमधली ‘ॲडिशनल टास्क्स’ ही यादी बिनधास्त सोडा, तिथे बहुतेक ‘दहा वस्तू स्कॅन करून आण’ छापाची कामं आहेत. साथीदारांची मिशन मात्र एकही चुकवू नका.