मागचं चाक

आमच्या नगर जिल्ह्याचा इतिहास लिहिणारे लोक चाकाचा विषय निघाला की साखर कारखान्याच्या चाकापाशी थांबतात. १९५० साली लोणीला प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला, विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांना बरोबर घेऊन तो उभा केला, हे आमच्याकडं पोरासोरांनाही पाठ आहे. पाठ असावंच. पण ज्या सायकलीवर गावोगावचं दूध, पेंडीचं पोतं, बाजारची भाजी आणि वेळ पडली तर आजारी माणूससुद्धा वाहिला गेला, तिच्या मागच्या चाकाबद्दल मला कुठं चार ओळी वाचायला मिळाल्या नाहीत. म्हणून मी लिहायला बसलो. शिक्षण दहावी, धंदा शेती. पण चाकं लहानपणापासून जवळून बघितली.

आधी बैलगाडीचं चाक सांगतो, कारण त्याच्याशिवाय सायकलीचं कळायचं नाही. मधला तुंबा बाभळीचा, त्यात ठोकलेले आरे, भोवती लाकडी पुट्ठे आणि सगळ्यांवर लोखंडी धाव. धाव चढवायची त्या दिवशी आम्ही पोरं लोहाराच्या भात्यापाशी पडीक. गोवऱ्या रचून धाव लालबुंद करायची, म्हणजे ती फुगते. मग सांडशीनं धरून चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. चर्रर आवाज, धुराचा लोट, आणि गार होता होता लोखंड असं आवळायचं की सगळे सांधे करकचून बसायचे. या चाकात ओझं खालच्या आऱ्याच्या डोक्यावर येतं. आरा खांबासारखा उभा राहून ते पेलतो.

सायकलीचं काम उलटं. तिची तार म्हणजे काडी. उभी करून वरून दाबली तर लगेच वाकेल. पण चाळीस तारा रिंगेला चारी बाजूंनी ताणून बांधल्या की त्याच काड्या माणूस आणि मणभर ओझं धरून ठेवतात. दाबावर नाही, ताणावर. या तारा तुंब्यापासून सरळ न काढता तिरप्या काढायच्या, म्हणजे पायडलचा जोर नीट रिंगेपर्यंत पोचतो, ही युक्ती इंग्लंडातल्या जेम्स स्टार्ली नावाच्या कारागिरानं १८७४ साली काढली. आणि १८८८ साली बेलफास्टमधल्या जॉन डनलॉपनं पोराच्या तीनचाकी सायकलीला हवा भरलेली रबरी नळी बसवली. हा डनलॉप कोण? तर जनावरांचा डॉक्टर! मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं. गुराढोरांत राहणाऱ्या माणसालाच चाकाचे धक्के कळणार.

त्याच १८८८ साली आपल्याकडं लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलीचं दुकान काढलं. नांगर नंतरचा, किर्लोस्करवाडी तर १९१०ची. म्हणजे ज्यांच्या लोखंडी नांगरानं आमच्या काळ्या रानाची खोल नांगरट झाली, त्यांची सुरुवात सायकलीपासून आहे. तेव्हा सायकल साहेबाची आणि वकिलाची होती. कुणब्याच्या दारात यायला तिला पुढं साठ-सत्तर वर्षं लागली. १९४९ला मद्रासेत टीआय सायकल्स, १९५१ला सोनीपतला ॲटलास, १९५६ला लुधियान्याला हिरो, असे देशी कारखाने उभे राहिले तेव्हा कुठं ती आमच्यापर्यंत आली. आली तशी तिच्यावर करही आला. १९५८च्या ग्रामपंचायत कायद्यात सायकलीवर आणि बैलगाडीवर कर बसवायची सोय आहे. कर भरल्याचा पत्र्याचा बिल्ला सायकलीला अडकवलेला मी पाहिलाय.

या सायकली मूळ इंग्रजी घडणीच्या. २८ इंची चाकं, दीड इंची टायर, पुढच्या चाकाला ३२ तारा आणि मागच्याला ४०. ब्रेक सळईचे. गिअर एकच. तीन गिअरचा तुंबा विलायतेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच निघाला होता, पण तो आमच्या बांधावर बिघडला असता तर खोलणार कोण? त्यामुळं एक गिअर, एक चेन, आणि बाकी सगळं मांड्यांच्या जोरावर. ही घडण एका माणसासाठी होती. कॅरियरवर फार तर दप्तर किंवा डबा. तिच्यावर दुधाचे कॅन टाकायचे ही अक्कल आपल्या लोकांची.

आमच्या घरी ही अक्कल १९७२च्या दुष्काळानंतर आली. मुळेकाठचं आमचं गाव, पण त्या साली पाणी नदीलाच नव्हतं. बैलजोडीतला एक दावणीला मेला, दुसरा मिळेल त्या किमतीला विकला. आण्णा आणि आई खडी फोडायला जायचे. त्या कामांवर जिल्ह्यात रस्तेच रस्ते झाले, पण त्यांना डांबर कुठलं? मुरूम आणि खडी. पाऊस पडून मुरूम वाहून गेला की नुसते दगड वर. हे रस्ते झाले म्हणून सायकल गावाबाहेर पडली आणि याच रस्त्यांनी तिच्या तारा तोडल्या.

तेवढ्यात संकरित गाई आल्या. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७मध्ये बायफ काढली होती, तिथला वारा आमच्याकडंही पोचला. गावठी गाय देई लिटर-दोन लिटर, संकरित गाय एका वेळेला बादली भरायला लागली. दूध वाढलं आणि ते सगळं पडलं मागच्या चाकावर. आण्णा चार घरचं दूध गोळा करून न्यायचे. दोन्ही बाजूंना वीस-वीस लिटरचे कॅन, कॅरियरवर आणखी एक, वर आण्णांचं स्वतःचं वजन. हिशेब तुम्हीच करा.

तार तुटते ती बहुतेक तुंब्यापाशी, डोक्याजवळ जिथं वाकवलेली असते तिथं. आणि तुटते नेमकी फ्रीव्हीलच्या बाजूची, म्हणजे फ्रीव्हील खोलल्याशिवाय नवी घालता येत नाही. एक तुटली की शेजारणीवर ताण, मग तीही जाते. रिंग वाकडी होऊन मडगार्डला, फ्रेमला घासायला लागते. आठवड्यातून एकदा तरी हा प्रकार. उन्हाळ्यात वाटेत तासभर गेला की दूध नासलं. आणि चार घरांचं दूध नासलं तर चार घरांना तोंड द्यायचं.

तालुक्याच्या गावी स्टँडजवळ एक मिस्त्री होते, त्यांना सगळे चाचाच म्हणायचे. एके दिवशी ते म्हणाले, "आण्णा, रोज रोज तार बदलून काय उपेग? चाकच बदला. हे चाक मास्तरचं हाये, तुम्हाला दूधवाल्याचं पायजे."

दूधवाल्याचं चाक म्हणजे काय, ते तेव्हा मला समजलं. साधी तार १४ नंबरची, दोन मिलिमीटर जाड. भारी तार १२ नंबरची, अडीच मिलिमीटरच्या वर. नंबर कमी तितकी तार जाड, इथंच माणूस फसतो. दिसायला फरक काडीइतका, पण लोखंड दीडपटीहून जास्त. आता जाड तार जुन्या तुंब्याच्या भोकात जाईना, तिचं निपल जुन्या रिंगेत बसेना. म्हणून भारी तुंबा, भारी रिंग, जाड आस, नवे कोन आणि छर्रे. टायरही जास्त पट्ट्यांचं. शिवाय फ्रीव्हील १८ दातांचं काढून २२चं घातलं. वेग कमी झाला, पण चढाला उतरावं लागेना. कॅरियरपासून आसापर्यंत दोन लोखंडी पट्ट्या वेगळ्या. पुढचं चाक होतं तसंच ठेवलं.

चाचांनी दुपारभर बसून ते चाक विणलं. विणलं हाच शब्द बरोबर आहे. बाजेची सुंभ विणावी तशी एक तार वरून, एक खालून. मग सायकल उलटी करून आउट काढायला घेतला. फ्रेमला खडू टेकवायचा, चाक फिरवायचं, जिथं खडू लागेल तिथली तार ढिली, समोरची आवळ. शेवटी बोटानं तारा छेडत गेले, एकतारी लावावी तशा. एका बाजूच्या सगळ्या तारा एका सुरात वाजल्या तेव्हा म्हणाले, "न्या."

पैशाचं काय? लोहाराला आणि सुताराला आम्ही बलुतं द्यायचो, खळ्यावर धान्य. त्यांच्या हातचं चाक उधारीवर वर्षानुवर्षं चालायचं. त्रिं. ना. आत्र्यांनी १९१५ साली या व्यवस्थेवर पुस्तक लिहिलं, त्याचं नावसुद्धा 'गावगाडा'. सायकल मिस्त्री बलुत्यात नव्हते. त्यांचा माल तालुक्याहून, नगरहून रोखीनं यायचा, ते तरी उधार कुठवर देणार? आईनं तिची शेळी आणि दोन पाठी घोडेगावच्या बाजारात पाठवल्या. शेळ्या बाईमाणसाच्या, त्यांचा पैसा तिच्या हातातला. लुगडं, पोरीचं माहेरपण, कुणाला न सांगता दिलेली उसनवारी, सगळं त्यातून. ते सगळं चाकात गेलं. त्या चाकानं पुढं अकरा वर्षं दूध वाहिलं, माझ्या धाकट्या भावाचं शिक्षण झालं. पण दुधाचा पगार आण्णांच्या नावावर यायचा. आईच्या हातात पुन्हा शेळी यायला तीन वर्षं लागली. सहकारानं आमचं भलं केलं हे मी मान्य करतो, आणि हेही सोबत मांडून ठेवतो.

याच सुमारास ऊसवाल्या बैलगाड्यांची चाकंही बदलत होती. लाकडी चाकं जाऊन रबरी टायर आले, टायरगाडी आली. लोखंडी धाव मऊ रस्त्यात रुतायची, रस्ता कापायची. टायरनं त्याच बैलांकडून जास्त ऊस ओढून घेतला. बैलाला सोपं झालं की जास्त ओझं झालं, हे बैलाला विचारायला पाहिजे. टायरगाड्या बऱ्याच ठिकाणी कारखान्यांनी पुरवल्या. सायकलीचं चाक मात्र ज्याचं त्यानं, ज्याच्या त्याच्या शेळीतून. आणि धाव चढवणारा लोहार? त्याची पोरं वेल्डिंगकडं वळली. सुताराचं घर पुण्याला गेलं.

जून २०२० मध्ये, नेमकं जागतिक सायकल दिनाला, ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना बंद पडल्याची बातमी आली. मी ती दोनदा वाचली.

आता माझा नातू नगरला कॉलेजात आहे. त्याला आण्णांची सायकल हवी झाली आणि तिला ॲल्युमिनियमची रिंग घालायची म्हणाला, हलकी होईल म्हणून. त्याचं खरं आहे. फ्रेमवर वाचलेल्या किलोपेक्षा रिंगेत वाचलेला किलो पायाला जास्त जाणवतो. पण त्यानं आणलेल्या रिंगेला ३६ भोकं आणि आण्णांच्या तुंब्याला ४०. शिवाय ती रिंग व्यासानं जरा लहान. आपला सळईचा ब्रेक रिंगेच्या आतल्या अंगाला खालून वर दाबतो; या नव्या रिंगेला आतून तशी सपाट जागाच नाही. तिचा ब्रेक बाजूनं धरणारा. म्हणजे रिंग बदलायची तर तुंबा, तारा, ब्रेक सगळंच आलं. चाचांचा मुलगा आता दुकान चालवतो. त्यानं सगळं मोजून बघितलं आणि नातवाला म्हणाला, "पुढचं करून देतो तुझ्या मनासारखं, नवा ब्रेकबी बसवतो. मागचं राहू दे. त्यात अजून जीव हाये."

नातू कबूल झाला. मागच्या चाकाच्या दोन तारा तेवढ्या बदलाव्या लागल्या. १२ नंबरच्या तारा हल्ली नगरमध्ये सहज मिळत नाहीत. त्यानं दोन नग जुन्या भंगारातल्या चाकातून काढून घातले.