पळताना बरगडीखाली चमक, पोटरीत गोळा : भरतीच्या पोरांनी कधी, काय आणि किती खावं?

कोथरूड (पुणे) : मुळशी तालुक्यातून पौड रोडने पुण्यात शिरलं की चांदणी चौकानंतर पहिलं लागतं ते कोथरूड. पोलीस भरती आणि सैन्य भरतीची तयारी करणारी खेड्यापाड्यातली बरीच पोरं-पोरी इथं कॉट बेसिसवर किंवा खोली करून राहतात. पहाटे वेताळ टेकडी, एआरएआय टेकडी नाहीतर म्हातोबा टेकडीकडे पळायला जायचं, दिवसभर अभ्यासिका आणि रात्री मेसचा डबा, असा त्यांचा दिवस असतो.

या पोरांची एक तक्रार नेहमीची. "दुसऱ्या राउंडला बरगडीखाली चमक भरते." नाहीतर "पोटरीत गोळा येतो." मग कोणी सांगतं उपाशी पळ, कोणी सांगतं केळी खा, कोणी म्हणतं ग्लुकोज पी, तर कोणी कच्ची अंडी प्यायला लावतं. यातलं खरं काय आणि खोटं काय, त्याची ही सविस्तर माहिती.

एका चमकेची किंमत किती?

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत आता आधी मैदानी चाचणी होते, मग लेखी. मैदानी एकूण ५० गुणांची. त्यात मुलांना १६०० मीटर धावणे २० गुण, १०० मीटर धावणे १५ गुण आणि गोळाफेक १५ गुण. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर, बाकी गुणांची वाटणी तीच. मुलांना पूर्ण २० गुण हवे असतील तर १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत काढावं लागतं. मुलींना ८०० मीटरसाठी २ मिनिटं ५० सेकंद. वेळ वाढेल तसे गुण खाली येतात.

४०० मीटरच्या ट्रॅकवर १६०० म्हणजे चार राउंड. तिसऱ्या राउंडला चमक भरली आणि पोरगं बरगडी धरून वीस-तीस सेकंद हळू पळालं, तर वर्षभराच्या मेहनतीचे गुण तिथंच सांडतात. मैदानीत मागे पडलेला उमेदवार लेखीच्या यादीपर्यंत पोचतच नाही. म्हणून पोटाचा विषय किरकोळ समजून चालत नाही.

चमक वेगळी, गोळा वेगळा

पोरं दोन्हीला सरसकट "क्रॅम्प" म्हणतात आणि इथंच घोळ होतो. दोन्हीची कारणं वेगळी आहेत, त्यामुळे उपायही वेगळे.

*बरगडीखालची चमक :* पळताना बरगडीच्या खाली, बहुतेक वेळा उजव्या बाजूला, टोचल्यासारखं किंवा पिळल्यासारखं दुखतं. थांबलं की थोड्या वेळात जातं. काहींना त्याचवेळी खांद्याच्या टोकाला पण दुखतं. हे फार कॉमन आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दहापैकी जवळपास सात धावपटूंनी वर्षभरात कधी ना कधी हा त्रास झाल्याचं सांगितलं होतं. तरुण वयात तो जास्त होतो.

पूर्वी असं मानायचे की श्वासाच्या पडद्याला रक्त कमी पडतं म्हणून चमक भरते. आता जास्त पटणारं कारण असं, की पोटाच्या पोकळीला आतून जे पातळ अस्तर असतं त्याला घर्षणाने त्रास होतो. पोट भरलेलं असलं की हे घासणं वाढतं. म्हणून जेवून लगेच पळणं, एकदम ढसाढसा पाणी पिणं आणि फार गोड सरबत पिणं ही चमक भरायची तीन मोठी कारणं.

*पोटरीतला गोळा :* यात पोटरी किंवा मांडीचा स्नायू दगडासारखा कडक होतो आणि सुटत नाही. "घाम गेला, मीठ कमी झालं म्हणून गोळा आला" असं सगळे सांगतात. तासन् तास उन्हात घाम गाळणाऱ्याच्या बाबतीत ते काही प्रमाणात खरं असू शकतं. पण पाच-सहा मिनिटांच्या पळण्यात अंगातलं मीठ संपत नाही. इथं गोळा येतो तो मुख्यतः दमलेल्या स्नायूमुळे. सरावापेक्षा जास्त वेगाने सुरुवात केली, वॉर्मअप केला नाही, आदल्या दिवशी टेकडीवर पाय मोडेपर्यंत चढ मारले किंवा नवीन बूट घातले की स्नायू बंड करतो. याला खाण्यापेक्षा सराव आणि आराम जास्त उपयोगी.

जेवण पोटात किती वेळ राहतं?

जोरात पळायला लागलं की शरीर रक्त पायांकडे वळवतं. पोटाकडं जाणारं रक्त खूप कमी होतं आणि पचन जवळपास थांबतं. पोटात जे असेल ते तसंच हिंदकळत राहतं. म्हणून काय खाल्लं याच्या आधी कधी खाल्लं हे बघावं.

– भाजी, भाकरी, वरण-भात असं पूर्ण जेवण : पळण्याआधी ३ ते ४ तास.
– पोहे, उपमा, दोन इडल्या असा हलका नाश्ता : दीड ते दोन तास.
– एक केळं, दोन-चार खजूर किंवा एक राजगिरा लाडू : ४५ मिनिटं ते १ तास.
– पाण्याचे दोन-तीन घोट : अगदी पळण्याआधी पण चालतात.

तेलकट आणि तुपकट पदार्थ पोटात जास्त वेळ बसतात. मिसळ, वडापाव, भजी पळून आल्यावर खावं, आधी नाही. मटकी, हरभरा, राजमा यांनी पोटात गॅस धरतो. दूध अनेकांना पळण्याआधी पचत नाही. कच्च्या अंड्याने ताकद वाढते हा गैरसमज आहे. शिजवलेल्या अंड्यातलं प्रोटीन शरीराला जास्त लागू पडतं आणि कच्च्याने पोट बिघडायची भीती राहते. अंडी खावीत, पण उकडून आणि पळून झाल्यावर.

पाच मिनिटांना पोटभर नाश्ता लागत नाही

ही गोष्ट पोरांनी नीट समजून घ्यावी. १६०० मीटर पळायला जी ताकद लागते ती आदल्या दिवशीच्या जेवणातून स्नायूंमध्ये साठलेली असते. सकाळी खाल्लेलं त्या पाच मिनिटांत फारसं कामाला येत नाही. सकाळचं खाणं कशासाठी, तर भुकेने कालवाकालव होऊ नये, चक्कर येऊ नये, डोकं शांत राहावं यासाठी. तेवढ्याला एक केळं पुरतं.

म्हणजे भरतीच्या तयारीत महत्त्वाचं जेवण सकाळचं नाही, रात्रीचं आहे. मेसचा डबा नऊला येतो आणि पोरं साडेदहाला जेवून झोपतात. सकाळी पाचला पळायला गेलं की रात्रीची तर्री वर येते. डबा शक्यतो साडेआठच्या आत उरकावा. भात-वरण, भाकरी किंवा पोळी पोटभर, तर्री आणि तिखट कमी. आदल्या रात्री उपाशी राहायचं नाही आणि फुकटचं म्हणून दुप्पट पण खायचं नाही.

मॅरेथॉनचा हिशोब वेगळा असतो. पुण्यात १९८३ पासून आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन होते. ४२.१९५ किलोमीटर पळणाऱ्याचा साठा वाटेत संपत येतो, म्हणून त्याला दर तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर किंवा पिष्टमय पदार्थ लागतात. मॅरेथॉनवाल्यांचे व्हिडिओ बघून १६०० मीटरच्या पोराने जेल आणि पावडर विकत आणायची काही गरज नाही.

पाणी आणि सरबत

रोजच्या सरावात पळण्याआधी तीन-चार तास असतील तेव्हा ६० किलो वजनाच्या पोराने ३०० ते ४०० मिली, म्हणजे दीड-दोन ग्लास पाणी सावकाश प्यावं. पहाटे उठून लगेच पळायचं असेल तर एक ग्लास पुरे. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी बरोबर चाललंय असं समजावं.

सरबत पातळ हवं. २०० मिलीच्या ग्लासात साखरेचे दोन सपाट चमचे आणि चिमूटभर मीठ ठीक. चार-पाच चमचे टाकले तर ते इतकं दाट होतं की पोटातून लवकर पुढं सरकत नाही आणि चमक भरते. बाटलीबंद कोल्ड्रिंकचं तेच, वर गॅस वेगळा. जुलाब किंवा उन्हाने गळाठल्यावर घरचं जलसंजीवनी चालतं : १ लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

भरतीच्या दिवशीचा खरा प्रश्न : थांबणं

सरावाला वेळ आपल्या हातात असते, भरतीला नसते. पहाटेच आत घेतात. कागदपत्रं, उंची, छाती, चेस्ट नंबर असं करत नंबर कधी लागेल सांगता येत नाही. कधी सातला, कधी अकराला. इथं दोन चुका होतात. काही पोरं पहाटेपासून काहीच खात नाहीत आणि उन्हात पळताना डोळ्यापुढे अंधारी येते. काही पोरं नंबर लांब आहे म्हणून गेटबाहेर वडापाव मारतात आणि तेवढ्यात नाव पुकारतात.

यावर उपाय थोडं थोडं खाणं. पिशवीत तीन-चार केळी, खजूर, राजगिऱ्याचे लाडू आणि पाण्याची बाटली ठेवावी. तासाला अर्धं केळं किंवा दोन खजूर आणि चार घोट पाणी. आपल्या बॅचची हालचाल दिसली की खाणं बंद. शेंगदाणा चिक्की चांगली, पण शेंगदाण्यात तेल असल्याने ती पळून झाल्यावर.

आणि भरतीच्या दिवशी नवीन काही पोटात घालायचं नाही. जे खाऊन महिनाभर सराव केला तेच खायचं. त्यासाठी महिनाभर आधी, आठवड्यातून एकदा, भरतीसारखाच दिवस करून बघावा. पहाटे उठून अर्धं केळं, मग दोन-तीन तास थांबून पूर्ण १६०० मीटर वेळ लावून पळावं. काय सोसतं आणि काय नाही ते वहीत लिहून ठेवावं. प्रत्येकाचं पोट वेगळं असतं.

पळताना त्रास झालाच तर

*चमक भरली तर :* वेग थोडा कमी करावा. श्वास उथळ न घेता पोटातून खोल घ्यावा आणि तोंडाने पूर्ण सोडावा. दुखऱ्या जागी बोटं दाबून किंचित पुढं वाकून पळावं. बऱ्याच जणांची चमक यानं उतरते. पहिला राउंड इर्षेने न पळता ठरलेल्या वेगात काढला तर श्वास ताब्यात राहतो.

*गोळा आला तर :* थांबून स्नायू ताणावा. पोटरीत असेल तर पाय सरळ करून पंजा स्वतःकडं ओढावा आणि २०-३० सेकंद धरावा. झटके देऊ नयेत, जोरजोरात रगडू नये. अमेरिकेत २०१० मध्ये एक प्रयोग झाला. त्यात काकडीच्या लोणच्याचं व्हिनेगरचं पाणी पाजल्यावर गोळा लवकर सुटला. ते रक्तात मिसळायच्या आधीच सुटला, म्हणजे काम मिठाने केलं नाही, तर घशाला लागलेल्या आंबट झटक्याने नसा शांत झाल्या असाव्यात असा अंदाज बांधला गेला. आपलं तेलातलं लोणचं ते नव्हे, त्यामुळे भरतीला बरणी न्यायची गरज नाही.

मुलींसाठी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त महिलांना रक्त कमी आहे. सराव चांगला असून दम लवकर लागत असेल, तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. गूळ, नाचणी, पालेभाज्या, त्यावर लिंबू हे रोजच्या जेवणात असावं आणि जेवणानंतर लगेच चहा टाळावा. चहाने लोह अंगी लागत नाही.

हे दिसलं तर पळणं लगेच बंद

जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटरच्या धावण्यात कोसळलेल्या काही उमेदवारांचा जीव गेला. ऊन, पाणी आणि मैदानावरच्या सोयींचा प्रश्न तेव्हा राज्यभर गाजला. आज अंतर १६०० मीटरवर आलं असलं तरी धोका संपलेला नाही. छातीत दुखणं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर येऊन पडणं, उन्हात बरळणं, लघवी चहासारखी काळपट होणं ही साधी चमक नाही. थांबायचं, सावलीत न्यायचं, उन्हाचा त्रास असेल तर अंगावर पाणी ओतायचं आणि १०८ ला फोन करायचा. घरात कोणी तरुणपणी अचानक हृदयविकाराने गेलं असेल तर तयारी सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावं.

पळण्याआधी दुखण्याची गोळी खाणं, जिममधली अनोळखी पावडर किंवा कोणी दिलेलं इंजेक्शन घेणं जिवावर बेतू शकतं. अंगात पाणी कमी असताना दुखण्याच्या गोळ्या किडनीला मारक ठरतात. भरती पुढच्या वेळी पण निघते.

थोडक्यात

– रात्रीचं जेवण लवकर आणि साधं.
– पूर्ण जेवण ३-४ तास आधी, केळं तासभर आधी.
– पाणी घोटाघोटाने, सरबत पातळ.
– चमक भरली तर श्वास सांभाळा, गोळा आला तर स्नायू ताणा.
– भरतीच्या दिवशी पोटात नवीन काही नाही.
– छातीत दुखलं तर गुणांचा विचार न करता थांबा.